थोरल्यांच्या वाड्यात धाकटी पाती : फेनवे पार्कवरची मायनर लीग

खारीक

परवा फोनवर बाबांनी एकदम विचारलं, "अरे, ते हिरव्या भिंतीचं ग्राउंड अजून आहे का रे?" बाबा ८३ वर्षांचे. दुपारी काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही, पण बॉस्टनच्या फेनवे पार्क या बेसबॉल ग्राउंडची ती भिंत डोक्यात पक्की आहे. म्हणून हा धागा.

आम्ही तेव्हा बॉस्टनच्या उत्तरेला लोवेलला राहायचो. आई-बाबा उन्हाळ्यात सहा महिने आले होते. (२००८ की २००९ यावर घरात वाद आहे. मी म्हणतो आठ, बायको म्हणते नऊ.) ज्यांचे आईवडील असे येऊन राहिलेत त्यांना ठाऊक असेल, पहिला महिना नायगारा-न्यूयॉर्क करण्यात जातो आणि मग वडील मंडळी खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागतात. बाबा पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेले, ऑफस्पिन टाकायचे. त्यांना एकदा फेनवे पार्क दाखवावं असं फार मनात होतं. पण रेड सॉक्सच्या, म्हणजे फेनवेच्या घरच्या टीमच्या, मॅचची पाच तिकिटं म्हणजे महिन्याचा किराणा. ज्या खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यावर मी एवढे पैसे घातले हे समजलं असतं, तर बाबांनी मॅच सोडून तीन तास माझ्याकडेच बघितलं असतं.

मग ऑफिसातल्या एकाने 'फ्युचर्स ॲट फेनवे' सांगितलं. ऑगस्टातल्या एका शनिवारी रेड सॉक्स परगावी, ग्राउंड रिकामं. त्या दिवशी त्यांच्या मायनर लीगच्या टीम्स फेनवेवर येणार आणि एका तिकिटात लागोपाठ दोन मॅचेस. २००६ साली हे सुरू झालं, पहिल्या वर्षी आमच्या लोवेलची स्पिनर्स आणि ऱ्होड आयलंडची पॉटकेट रेड सॉक्स तिथे खेळल्या होत्या. आम्ही गेलो त्या दिवशी कोण कोण होतं ते मात्र विचारू नका, माझं अर्धं लक्ष धाकट्याच्या डायपरकडे होतं. तिकीट नेहमीच्या मानाने अगदी किरकोळ. बाबांना मी समजावलं ते असं : ही धाकटी पाती. थोरली पाती गावाला गेलीय, म्हणून आज वाड्याची किल्ली यांच्याकडे.

लोवेलहून आगगाडीने नॉर्थ स्टेशन, तिथून ग्रीन लाइनने केनमोर, पुढे चालत. वाटेत आईच्या लक्षात आलं की श्रावणातला शनिवार आहे आणि यांचा उपास. स्टेडियमवर हॉट डॉगशिवाय काय मिळणार म्हणून तिचा चेहरा पडला. आत शिरलो तर समोर पोरगा ओरडतोय, "पीनट्स!" खारे शेंगदाणे, सालासकट, कागदी पिशवीत. बाबांनी दोन पिशव्या संपवल्या. "अमेरिकेत उपासाची एवढी चांगली सोय असेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले.

आणि मग ती भिंत. डाव्या बाजूला ३७ फूट उंच, हिरवीगार, फलंदाजापासून जेमतेम ३१० फुटांवर. तिच्या पोटात हाताने आकडे बदलायचा धावफलक. बाबांना सगळ्यात जास्त तोच आवडला. "आपल्या नेहरू स्टेडियमवर पोरं पत्रे अडकवायची, तसंच की!" भिंतीमागे माणूस बसलेला असतो आणि फटीतून मॅच बघतो हे कळल्यावर पुढची दोन इनिंग ते मैदानाकडे कमी आणि त्या फटीकडे जास्त बघत होते.

पहिल्या मॅचमध्ये एक उंच फटका त्या भिंतीवर वरच्या बाजूला बसला. लेफ्ट फील्डर वीस-एकवीस वर्षांचं पोर असेल. भिंतीला पाठ लावून झेल घ्यायच्या तयारीत उभा, आणि बॉल भिंतीवर आपटून त्याच्या डोक्यावरून परत मैदानात! बिचारा वळून पळतोय, तोवर बॅटर तिसऱ्या बेसवर. लोक हसले. बाबा नाही हसले. "परक्या ग्राउंडवर पहिला टप्पा कुणाला कळलाय?" एवढंच म्हणाले. पुढच्याच इनिंगला त्याच पोराने तिकडूनच असा थ्रो मारला की होमकडे पळणारा माणूस चार पावलं आधी आउट. बाबा उभे राहिले, शेंगदाण्याची सालं सगळी आईच्या साडीवर.

बाबांनी तिथे स्कोअरकार्ड घेतलं होतं आणि क्रिकेटच्या पद्धतीने भरलं होतं. ते कोथरूडच्या घरी माळ्यावर असणार. कुणी असं थोरल्यांच्या ग्राउंडवर धाकट्यांचा खेळ पाहिलाय का? कुठल्याही खेळातला चालेल.

कानसेन

मस्त लिहिलंय. पण आम्हां अडाण्यांसाठी : ही धाकटी पाती म्हणजे नक्की काय? बी टीम? अंडर-१९? पगार मिळतो की नुसते शेंगदाणे?

हिशेबनीस

@कानसेन, शेंगदाणेच होते, अगदी परवापरवापर्यंत.

मेजर लीग म्हणजे थोरली पाती, तिच्यात ३० क्लब. प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्या : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. म्हणजे १२० टीम्स. गंमत अशी की गावातल्या टीमचा मालक वेगळा असतो. तिकिटं, खाणंपिणं, टोप्या, शुक्रवारचे फटाके हे सगळं त्याचं. खेळाडू आणि कोच मात्र वरच्या क्लबचे, पगारही तोच देतो आणि कुणाला कधी वर न्यायचं, कुणाला घरी पाठवायचं हेही तोच ठरवतो. लोवेलकरांना एखादा पोरगा आवडायला लागला की महिन्याभरात तो गेलेला असतो.

पगाराचं म्हणाल तर २०२२ पर्यंत ट्रिपल-एच्या खेळाडूला वर्षाचे साधारण १७,५०० डॉलर मिळायचे आणि या चार पायऱ्यांच्याही खालच्या नवशिक्यांना ४,८००. वर्षाचे! २०१८ मध्ये तर संसदेत कायदा करून या पोरांना किमान वेतनाच्या नियमातून बाहेर काढलं होतं. पोरं एका फ्लॅटमध्ये सहा-सहा राहायची, हिवाळ्यात सामान पोचवायची कामं करायची. सप्टेंबर २०२२ मध्ये ती मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत दाखल झाली आणि मार्च २०२३ मध्ये पहिला करार झाला. ट्रिपल-ए ३५,८००, डबल-ए ३०,२५०, नवशिक्यांना १९,८००. आणि त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार? ७,२०,०००. एका पायरीत वीसपट.

तेव्हा खारीक यांनी पाहिलेला तो पोरगा, ज्याच्या डोक्यावरून बॉल गेला, तो बहुधा आपल्याकडच्या रिक्षावाल्याइतकंही कमवत नव्हता. फेनवेवर एक दिवस मिळाला त्याला.

उनाडटप्पू

सगळं गोग्गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो. हा निव्वळ मार्केटिंगचा डाव आहे हो. मेजर लीगच्या मोसमात १६२ मॅचेस, त्यातल्या ८१ घरी. उरलेले दिवस ग्राउंड धूळ खातं. स्वस्त तिकीट लावा, ज्यांना एरवी परवडत नाही त्यांना आत घ्या, बियर आणि टोप्या विका, पोरांना आत्ताच नाद लावा. खेळणाऱ्यांना त्या दिवसाचे जास्त पैसे मिळत होते का? मला तरी शंका आहे. आणि हे काही फेनवेनेच पहिल्यांदा केलेलं नाही. पूर्वी काळ्या खेळाडूंच्या मायनर लीगसुद्धा मोठी ग्राउंड्स भाड्याने घेऊन खेळायच्या, तेव्हाही मालक भाडं मोजत बसायचे.

(हलके घ्या.)

मोरपीस

@उनाडटप्पू, डाव असेल, पण आमच्यासारख्यांना फायद्याचा डाव आहे. आम्ही श्रुजबरीत राहतो, वुस्टरच्या अलीकडे. पॉटकेटची टीम २०२१ मध्ये वुस्टरला आली, पोलर पार्कवर. मुलगी सॉफ्टबॉल खेळते. तिने मेजर लीग टीव्हीवर पाहिली, पण पिचरच्या हातातून बॉल सुटतानाचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो पोलर पार्कवर, आम्ही इतक्या जवळ बसलो होतो.

खारीक, तुमच्या त्या लेफ्ट फील्डरबद्दल. ही भिंत रेड सॉक्सलाही डोकेदुखी आहे. तिच्यावरून बॉल कसा उडेल हे शिकायला वर्षं जातात, त्यांच्या जुन्या लेफ्ट फील्डरला, कार्ल यास्त्रेम्स्कीला, ती कला साधली होती असं जुने लोक अजून सांगतात. म्हणून त्यांनी धाकट्यांसाठी नकला बांधल्यात! मेनमधल्या पोर्टलंडला हॅडलॉक फील्डवर २००३ मध्ये ३७ फुटी भिंत उभी केली, तिला लोक मेन मॉन्स्टर म्हणतात. साउथ कॅरोलिनात ग्रीनव्हिलला एक आहे. फ्लोरिडात फोर्ट मायर्सला सरावाचं ग्राउंडच २०१२ मध्ये फेनवेच्या मापाचं केलं. अख्खा देश ओलांडून गेलात तरी भिंत पाठ सोडत नाही. लोवेलला मात्र अशी भिंत नव्हती, बहुतेक तुमचा पोरगा तिथलाच असणार :)

खारीक

@मोरपीस, :D असू शकेल. लोवेलचं नाव काढलंत म्हणून सांगतो, स्पिनर्स आता नाही. २०२० नंतर मेजर लीगने खालच्या टीम्स १६० वरून १२० वर आणल्या, त्यात ती गेली. नदीकाठचं ते लेलाशर पार्क अजून आहे, युनिव्हर्सिटीची पोरं खेळतात. मागच्या वर्षी मित्राने फोटो पाठवला होता, पार्किंगमध्ये गवत.

लोकल_पकडा

आमच्याकडे हे उलटं आहे. मायनर लीगला थोरल्यांच्या ग्राउंडवर यायला खास दिवस लागतो, इथे रणजी वानखेडेवरही होते आणि फुकट असते. तरी कुणी येत नाही.

मार्च २०२४ ची रणजी फायनल, मुंबई विरुद्ध विदर्भ. मी दोन दिवस अर्धी रजा टाकून गेलो. ज्या गेटवर आयपीएलला घामाघूम होऊन तासभर उभं राहावं लागतं, त्या गेटवरचा पोलीस मला म्हणाला, "या, या, कुठेही बसा." कुठेही! मी सुनील गावस्कर स्टँडपासून सुरुवात केली आणि ऊन फिरेल तसा सरकत गेलो. शेजारी एक आजोबा वर्तमानपत्र पसरून शब्दकोडं सोडवत होते आणि मान वर न करता सांगायचे, "आता हा बाहेरचा टाकेल बघ." टाकायचा. धवल कुलकर्णीची ती शेवटची मॅच, शेवटची विकेटही त्यालाच मिळाली. मुंबई १६९ धावांनी जिंकली, ४२ वं अजिंक्यपद. टीव्हीवर कळत नाही असं एक सांगतो : रिकाम्या वानखेडेत स्लिपमधली बडबड स्टँडपर्यंत ऐकू येते. त्यातली निम्मी इथे लिहिण्यासारखी नाही.

झणझणीत_सावजी

४२ चं कौतुक ऐकून झालं असेल तर पुढच्याच वर्षी सेमीफायनलला नागपुरात काय झालं तेही लिहा ना भाऊ. नाही लिहीत? मी लिहितो. हरलात. मग फायनलला केरळ, जामठ्याला, पहिल्या डावाच्या आघाडीवर कप आमचा. दानिश मालेवारच्या १५३ मी डोळ्यांनी पाहिल्या. पोरगा नागपूरचा, वय २१.

पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. जामठा गावापासून लांब, वर्धा रोडवर. बससाठी अर्धा तास, मग ४५ हजारांच्या स्टेडियममध्ये आपण आणि कबुतरं. यापेक्षा सिव्हिल लाइन्सचं जुनं ग्राउंड बरं, तिथे बाजूच्या ऑफिसातले लोक डबा खाऊन दोन ओव्हर बघून जातात. धाकट्यांना मोठं ग्राउंड मिळालं की मान मिळतो, गर्दी मिळत नाही. फेनवेवाल्यांनी दोन्ही कसं जमवलं ते बघायला पाहिजे.

हिशेबनीस

@सावजी, कारण तिथे लोक ग्राउंड बघायला येतात. फेनवे १९१२ चं आहे, मेजर लीगमधलं सगळ्यात जुनं. मॅच हे निमित्त. जामठ्याला जामठा बघायला कोण येणार?

झणझणीत_सावजी

जामठ्याला काही बोलायचं काम नाही.

लोकल_पकडा

गर्दीवरून आठवलं. जानेवारी २०२५, दिल्लीत कोहली बारा वर्षांनी रणजी खेळायला उतरला. पहाटेपासून रांगा, हजारो लोक. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवानने सहा धावांवर दांडी उडवली आणि लोक चपला घालून घरी. अमेरिकेतही थोरले खाली खेळायला येतात का?

मोरपीस

येतात की! दुखापतीतून बरा होणारा मेजर लीगचा खेळाडू आधी मायनरमध्ये खेळून बघतो. बॅटरला जास्तीत जास्त २० दिवस, पिचरला ३०. तो आला की पोलर पार्कची तिकिटं दोन दिवसांत संपतात. आणि रीत अशी आहे की थोरल्याने त्या रात्री सगळ्या पोरांना चांगलं जेवण घालायचं. पोरं म्हणे वाट बघत असतात, कोण जखमी होतंय याची :P

नदीकाठ

मी सॅक्रामेंटोहून. तुम्ही सगळे धाकटे वाड्यात आले म्हणून कौतुक करताय, आमच्याकडे थोरलेच आउटहाउसमध्ये राहायला आलेत.

ओकलंडची ॲथलेटिक्स २०२४ नंतर ओकलंड सोडून निघाली, लास व्हेगासचं ग्राउंड तयार व्हायला २०२८. मधली वर्षं वेस्ट सॅक्रामेंटोच्या सटर हेल्थ पार्कवर. हे आमच्या रिव्हर कॅट्सचं ट्रिपल-ए ग्राउंड, गवतावर चटया टाकून बसणारे धरले तरी साधारण १४ हजार लोक. एकाच खेळपट्टीवर आता दोन टीम्स आलटून पालटून. नावातून ओकलंड काढलं आणि सॅक्रामेंटो लावलंच नाही, नुसतंच 'ॲथलेटिक्स'. म्हणजे भाडेकरू आहे, पण दारावर पाटी लावायला तयार नाही.

मोठ्या ग्राउंडवर ड्रेसिंग रूममधून बोगद्याने थेट डगआउटमध्ये येतात. इथे ड्रेसिंग रूम आउटफिल्डच्या भिंतीपलीकडे. त्यामुळे कोट्यवधी डॉलरवाल्या पिचरला मध्येच काढलं की तो सगळ्यांच्या देखत अख्खं मैदान तुडवत जातो. आमची बिल्डिंगमधली पोरं त्याला अगदी प्रेमाने निरोप देतात. आधी कृत्रिम गवत घालणार होते, पण जुलैत इथे ४० डिग्रीच्या वर जातं, पाय भाजतील म्हणून खेळाडू कुरकुरले आणि खरं गवतच ठेवलं.

२०२५ मध्ये टँपालाही हेच. ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन चक्रीवादळात ट्रॉपिकाना फील्डचं छप्पर फाटलं, रेज टीम यँकीजच्या सरावाच्या ग्राउंडवर आली. तिथे एरवी टँपा टार्पन्स नावाची सिंगल-एची टीम खेळते. त्यांना मागच्या सरावाच्या मैदानावर पाठवलं. पाहुणे आले की घरच्या पोरांनी गच्चीवर झोपायचं, तसं.

कानसेन

"घरच्या पोरांनी गच्चीवर" :D :D

पोथीवाला

उशिरा आलो. दोन गोष्टी, एक गमतीची, एक दुरुस्तीची.

गमतीची : अटलांटाने १९६५ साली मेजर लीगसाठी नवं कोरं स्टेडियम बांधलं. मिलवॉकीची ब्रेव्ह्ज तिथे यायची होती. पण मिलवॉकीने कोर्टात जाऊन सांगितलं, करार पुरा करा, वर्षभर इथेच खेळा. म्हणजे इकडे मांडव तयार आणि नवरदेव कोर्टात. मग त्या अख्ख्या वर्षी नव्या स्टेडियमवर कोण खेळलं? अटलांटा क्रॅकर्स, गावची जुनी मायनर लीग टीम. पुढच्या वर्षी ब्रेव्ह्ज आली आणि क्रॅकर्स संपली. वास्तुशांतीला बसली ती, राहायला दुसरेच.

आता दुरुस्ती. @उनाडटप्पू, निग्रो लीग्जना मायनर म्हणू नका. त्या वेगळ्या होत्या, खालच्या नव्हत्या. गोऱ्यांच्या मेजर लीगने दार बंद ठेवलं म्हणून त्यांनी आपली लीग उभी केली. भाड्याचं तुमचं खरं आहे. होमस्टेड ग्रेज वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियमवर खेळायची आणि मालक भाडं खायचा. त्यांची ईस्ट-वेस्ट मॅच १९३३ पासून शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर, १९४३ ला तिथे ५१ हजारांवर लोक होते. घरमालकाच्या टीमला तेवढी गर्दी बघायला मिळत नसे. मेजर लीगनेच डिसेंबर २०२० मध्ये या लीग्जना 'मेजर' मान्य केलं आणि २०२४ मध्ये आकडे एकत्र केले. आज कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत पहिलं नाव गोऱ्यांच्या लीगमधल्या टाय कॉबचं नाही, निग्रो लीग्जमधल्या जॉश गिब्सनचं आहे, .३७२. त्याला गोऱ्यांच्या मेजर लीगच्या टीमकडून एकही मॅच मिळाली नाही.

आणि फेनवेवर धागा आहे म्हणून : एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला (पुढे गोऱ्यांच्या मेजर लीगचं दार काळ्यांसाठी उघडणारा तोच) याच ग्राउंडवर चाचणीला बोलावलं होतं. बोलावलं, खेळवून बघितलं आणि घेतलं नाही. त्या वेळचा मालक टॉम यॉकी. रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू घेतला १९५९ मध्ये, पम्प्सी ग्रीन, सगळ्या क्लबांमध्ये शेवटी. बाहेरच्या रस्त्याला यॉकीचं नाव होतं ते २०१८ मध्ये काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट केलं. खारीक, तुमच्या वडिलांना आवडलेल्या त्या धावफलकावर उभ्या पांढऱ्या रेघांमध्ये मोर्सच्या ठिपक्या-दांड्यांत यॉकी नवरा-बायकोची आद्याक्षरं आहेत.

उनाडटप्पू

@पोथीवाला, चूक मान्य. मी 'भाडेकरू म्हणजे धाकटे' असं धरून चाललो होतो. मूळ प्रतिसाद तसाच ठेवतो, नाहीतर तुमच्या प्रतिसादाला संदर्भ राहणार नाही.

मार्केटिंगवर मात्र ठाम आहे.

कानसेन

पुढच्या उन्हाळ्यात भावाकडे न्यू जर्सीला जातोय. असं काही बघायचं असेल तर?

मोरपीस

सगळ्यात सोपं म्हणजे फ्युचर्स गेम. मेजर लीगच्या ऑल-स्टार मॅचच्या आठवड्यात, त्याच यजमान ग्राउंडवर, सगळ्या मायनर लीगमधली निवडक पोरं. २०२५ ला अटलांटाच्या ट्रुइस्ट पार्कवर झाला. मॅच नेहमीच्या नऊऐवजी सातच इनिंगची, त्यामुळे लहान मुलं कंटाळत नाहीत. पूर्वी अमेरिका विरुद्ध जग अशी व्हायची, २०१९ पासून दोन लीग्जमध्ये. पहिली १९९९ ची कुठे झाली माहितीये? फेनवेवर! अल्फोन्सो सोरियानोने दोन होम रन मारले होते.

आणि ते जमलं नाही तर कुठल्याही गावात ट्रिपल-ए बघा. पहिल्या बेसच्या मागे बसा, दुपारच्या मॅचला टोपी न्या.

पोथीवाला

पॉटकेट हे नाव आलंच आहे तर एक राहवत नाही. १९८१ एप्रिल, पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, ३२ इनिंग. पहाटे चार वाजून सात मिनिटांनी थांबवली. थंडी इतकी की खेळाडू मोडक्या बॅटी जाळून शेकत होते. प्रेक्षक उरले १९. एका बाजूला वेड बॉग्ज, दुसऱ्या बाजूला कॅल रिपकेन, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. उरलेली मॅच जूनमध्ये खेळवली, ती १८ मिनिटांत संपली. तेव्हा मेजर लीगचा संप चालू होता, सगळे पत्रकार रिकामे, ते लोटले पॉटकेटला. थोरले घरी बसले की धाकट्यांकडे लक्ष जातं.

लोकल_पकडा

खारीक, स्कोअरकार्ड मिळालं का? त्या पोराचं पुढे काय झालं ते शोधता येईल. नाव टाका.

खारीक

काल भाच्याला माळ्यावर चढवलं. मिळालं! दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात होतं. फोटो आलाय, पण अपलोड होत नाहीये, म्हणून वर्णन करतो.

बाबांनी तिथल्या चौकोनांकडे साफ दुर्लक्ष करून समासात क्रिकेटसारखे टिंब दिलेत. पहिल्या बेसला '१', दुसऱ्याला '२', होम रनला '४' आणि कंसात 'सहा द्यायला हवे'. आउट झालेल्यापुढे 'झे.' झेल कुणाचा ते नाही, "सगळेच हातमोजे घालून घेतात, त्यात काय लिहायचं." त्या लेफ्ट फील्डरच्या ओळीत लिहिलंय : 'भिंतीने फसवला. थ्रो उत्तम.'

नाव नाही. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "नाव कशाला? पाठीवर नंबर होता ना." नंबर लिहिलाय, पण देवनागरीत आणि पेन्सिलने. ११ आहे, १९ आहे की ९९, हे आता त्यांनाही लागत नाही. त्यावर शेंगदाण्याच्या मिठाचा डाग आहे.

हिशेबनीस

तारीख असेल ना कार्डवर? वर्ष कळलं तर जुनी रोस्टर्स चाळतो.

खारीक

तारखेच्या जागी बाबांनी लिहिलंय : 'श्रावण वद्य द्वितीया, शनिवार.'

पोथीवाला

मग सोपं आहे. २००८ ला नारळी पौर्णिमा १६ ऑगस्टला शनिवारीच होती, म्हणजे वद्य द्वितीया शनिवारी येणं शक्यच नाही. २००९ ला रक्षाबंधन बुधवारी, ५ ऑगस्टला. त्यानंतरचा शनिवार ८ ऑगस्ट, वद्य द्वितीया. २००९. वहिनींना सांगा.

खारीक

सांगायची गरज नाही, मागे उभी राहून वाचतेय.